उपवासाचे ताट आणि प्रयोगशाळेची साक्ष

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की अवघ्या महाराष्ट्राचे मन पंढरीकडे धाव घेऊ लागते. आळंदी-देहूहून निघालेल्या पालख्या वाखरीचा तळ सोडून पंढरपुरात प्रवेश करतात, चंद्रभागेचे वाळवंट वैष्णवांच्या मेळ्याने फुलून जाते, आणि ज्यांच्या नशिबी यंदा वारी नाही असे लक्षावधी भाविक घरच्याच देवघरात विठोबाला तुळस वाहून उपवास करतात. याच दिवशी चातुर्मासाला आरंभ होतो. आदल्या नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा, लसूण व वांगे यांनी स्वयंपाकघराचा निरोप घेतलेला असतो. पुढे श्रावणी सोमवार, हरितालिका, ऋषिपंचमी, नवरात्र अशी व्रतांची रांगच लागते. वर्षाच्या चोवीस एकादश्या, बारा संकष्ट्या, नवरात्राचे नऊ दिवस, महाशिवरात्र आणि इतर व्रते यांची बेरीज केली, तर निष्ठेने व्रते पाळणाऱ्या घरात उपवासाचे दिवस सहज पन्नासच्या वर जातात. म्हणजे सरासरी आठवड्याला एक. जे ताट आठवड्यातून एकदा आपल्या पुढ्यात येते, त्याचा आपल्या प्रकृतीशी काय संबंध आहे, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नव्हे.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक नवे वळण लागले आहे. ‘एकादशीचा उपवास किती शास्त्रशुद्ध आहे हे जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केले, त्याला नोबेल पारितोषिक मिळाले,’ असे वाक्य कीर्तनाच्या व्यासपीठावरून, लग्नाच्या पंगतीत आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांतून आपण सर्वांनीच ऐकले-वाचले आहे. ऐकून अभिमान वाटतो, हे खरे. परंतु ज्या गोष्टीवर आपली श्रद्धा आहे तिच्या समर्थनार्थ पुढे केलेला पुरावाही खणखणीत असावा, अशी आमची धारणा आहे. म्हणून तो संशोधक कोण, त्याने काय पाहिले, आणि त्यानंतर माणसांवर जे प्रयोग झाले त्यांतून काय निघाले, हे येथे थोडे विस्ताराने पाहू.

किण्वाच्या पेशीतील उपवास

या शास्त्रज्ञाचे नाव योशिनोरी ओसुमी. १९८८ साली त्यांनी टोकियो विद्यापीठात आपली स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू केली, आणि अभ्यासाला विषय घेतला तो पाव फुगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टचा, म्हणजे किण्वाचा. पेशीच्या आत निकामी झालेले भाग गोळा करून ते मोडीत काढण्याची आणि त्यांतून मिळालेला माल पुन्हा वापरण्याची एक व्यवस्था असते. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९६३ साली तिला ‘ऑटोफॅजी’ असे नाव दिले होते. मराठीत आपण तिला ‘स्वभक्षण’ म्हणू. नाव जरा भयंकर असले तरी काम मोठे सोज्वळ आहे. काटकसरी गृहिणी जुन्या लुगड्याची गोधडी शिवते, त्यातलाच हा प्रकार.

ओसुमींनी युक्ती अशी केली की, मोडतोडीचे काम करणारी विकरे ज्यांत नाहीत अशी किण्वे घेतली आणि त्यांचे पोषण बंद केले. पेशी उपाशी राहताच तिने आपले जुने भाग बांधून मोडीच्या कोठीत पाठवण्यास सुरुवात केली. पण तेथे ते मोडणारे कोणी नसल्यामुळे काही तासांतच ती कोठी लहान लहान पुटिकांनी भरून गेली, आणि सूक्ष्मदर्शकातून ते सारे स्पष्ट दिसले. पुढे या क्रियेवर हुकमत चालवणारी जनुके त्यांनी एकामागून एक शोधून काढली. तशीच जनुके माणसाच्या पेशींतही आहेत असे दिसून आले, आणि २०१६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ओसुमी यांना एकट्यांना मिळाले.

येथवरची कथा निर्विवाद आहे आणि रम्यही आहे. परंतु ओसुमींनी माणसांना उपवास करावयास लावला नव्हता, एकादशीचा तर त्यांच्या संशोधनाशी काहीही संबंध नव्हता. अन्न तुटले की पेशी आतली साफसफाई वाढवते, हे त्यांच्या कामाचे सार होय. माणसाने किती तास उपाशी राहिले म्हणजे कोणत्या अवयवात ही क्रिया किती वाढते, याचे मोजमाप जिवंत माणसात करणे अतिशय अवघड आहे. ‘सोळा तास झाले की शरीर स्वतःला धुऊन काढते’ अशी जी ठाम विधाने केली जातात, त्यांना नोबेल पारितोषिकाचा आधार नाही. आपल्या व्रताला टोकियोच्या प्रशस्तिपत्राची गरज तरी काय, असेही कोणी म्हणेल. आम्हालाही तसेच वाटते.

माणसांवरचे प्रयोग

किण्व सोडून आता माणसांकडे येऊ. आपण जेवतो तेव्हा रक्तातील साखर वाढते, स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते, आणि जास्तीची साखर यकृतात व स्नायूंत साठवली जाते. अन्न थांबले की यकृतातला हा साठा हळूहळू खर्च होतो. साधारण अर्ध्या दिवसानंतर तो सरत येतो आणि शरीर चरबी जाळण्याकडे अधिकाधिक वळते. आपल्या पोटी हा जो फेरबदल होतो, त्याचा लाभ काय, हे तपासण्यासाठी गेल्या काही वर्षांत जगभर बरेच प्रयोग झाले.

अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आठ पुरुषांना पाच आठवडे दिवसाचे सारे अन्न सहा तासांच्या आत, आणि शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत घ्यावयास सांगितले. वजन कमी होणार नाही इतके अन्न त्यांना मुद्दाम दिले होते. तरीही त्यांचे इन्सुलिन अधिक चांगले काम करू लागले आणि रक्तदाब उतरला. सूर्य मावळण्यापूर्वी जेवून घेण्याची जैनांची चाल आठवावी असाच हा निष्कर्ष आहे. मात्र माणसे होती अवघी आठ, हे विसरून चालणार नाही.

मोठे प्रयोग झाले तेव्हा चित्र पुष्कळ निवळले. २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी ११६ स्थूल व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या निम्म्यांनी बारा आठवडे दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळेत अन्न घेतले, बाकीच्यांनी दिवसातून तीनदा. दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथील १३९ लठ्ठ रुग्णांचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचे अन्न सारखेच कमी केले होते. एका गटाने ते सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच खाल्ले. त्यांचे वजन सरासरी ८ किलो उतरले, दुसऱ्या गटाचे ६.३ किलो. हा फरक योगायोगाने पडू शकतो इतकाच होता. मग गुण कशाचा? घड्याळाचा थोडा असेल, पण मुख्यतः कमी खाण्याचा. अमेरिकेतच लठ्ठ नसलेल्या २१८ जणांवर दोन वर्षे झालेल्या एका प्रयोगात, ज्यांनी आपले अन्न साधारण बारा टक्क्यांनी कमी केले त्यांचा रक्तदाब, रक्तातील चरबी आणि इन्सुलिनचे कार्य यांत स्पष्ट सुधारणा आढळली. बारा टक्के म्हणजे आठ घासांतला एक घास वगळणे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. त्याची येथे आठवण व्हावी यात नवल नाही.

दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारा आणि दर दोन तासांनी काही तरी खा म्हणणारा, असे दोन पंथ सध्या मराठी घरांत गुण्यागोविंदाने नांदत आहेत. वरील प्रयोग पाहता दोघांनीही आवाज जरा खाली आणावयास हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. हे सारे प्रयोग अन्न थांबवण्याचे किंवा कमी करण्याचे आहेत. आपल्या घरी एकादशीला नेमके काय घडते? सकाळी चहा, दहाला खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चारला बटाट्याचा कीस नाही तर वेफर्स, रात्री पुन्हा साबुदाण्याचे वडे आणि वर रताळ्याच्या गोड फोडी. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे; ती काही कोणा परक्याने आपली चेष्टा म्हणून केलेली नाही. अशा दिवशी यकृतातला साठा खर्च होण्याची वेळच येत नाही. धार्मिक अर्थाने तो उपवास असेल. शरीराच्या हिशेबी तो नव्हे. प्रयोगशाळेची साक्ष काढावयाची तर आधी प्रयोगशाळेतला उपवास केला पाहिजे.

साबुदाण्याची गोष्ट

उपवासाच्या ताटाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ‘साबुदाणा’ या नावाचे मूळ ‘सागू’ या मलाय शब्दात आहे. आग्नेय आशियात सागू नावाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून पिठूळ दाणे काढतात. आपण खातो तो साबुदाणा मात्र त्या झाडाचा नसून टॅपिओकाच्या, म्हणजे कसावाच्या कंदापासून केलेला असतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या हातून तो केरळात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मलायातून येणारा माल बंद पडला तेव्हा तामिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला, आणि आज आपल्या डब्यातला बहुतेक साबुदाणा तिकडूनच येतो.

बरे, साबुदाणा एकटाच परदेशी आहे असेही नाही. शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि हिरवी मिरची या चारही वस्तू अमेरिका खंडातून आल्या. राजगिऱ्याच्या ज्या जातींचे दाणे आपण खातो त्यांचे मूळही वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच खंडात सांगतात. तेराव्या शतकात ज्ञानेश्वर माउलींच्या काळी यांतली एकही वस्तू या भूमीत नव्हती. तेव्हाच्या उपवासाला वरी, शिंगाडा, सुरण, केळी, दूध, तूप यांचाच आधार असला पाहिजे. ‘उपवासाला हे चालते, ते चालत नाही’ हा नियम आपण अनादी समजतो. वास्तविक तो काळाप्रमाणे, गावाप्रमाणे, किंबहुना घराप्रमाणे बदलत आला आहे. एका घरी जिरे चालतात, शेजारच्या घरी चालत नाहीत. कोथिंबिरीवरून तर सासर-माहेरात मतभेद असतात. विदर्भात जिला उसळ म्हणतात तिला पुण्यात खिचडी म्हणतात, आणि भगर व वऱ्याचे तांदूळ एकच हे कळेपर्यंत नव्या सुनेची तारांबळ उडते. असो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांत शंभर ग्रॅम साबुदाण्यात ८७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ, सुमारे ३५० कॅलरी आणि प्रथिने केवळ ०.२ ग्रॅम दाखवली आहेत. म्हणजे तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. भिजवून शिजवलेला हा स्टार्च पोटात फार लवकर पचतो आणि रक्तातली साखर वेगाने चढवतो. दाण्याचे कूट आणि तूप घातल्याने हा वेग काहीसा मंदावतो हे खरे, पण बेरीज वाढते. शंभर ग्रॅम साबुदाणा, पन्नास ग्रॅम दाणे, चार चमचे तूप आणि एक लहान बटाटा यांची खिचडी एकट्याने संपवली, तर साडेआठशेच्या आसपास कॅलरी पोटात जातात. आम्ही हे खिचडीच्या द्वेषाने लिहीत नाही. ती आम्हालाही प्रिय आहे. पण वाटीभर खिचडी आणि ताटभर खिचडी यांत जो फरक आहे तो एकादशीच्या दिवशी आपण सोयिस्करपणे विसरतो.

या विस्मरणाची किंमत आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईचे मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांनी देशभर एक लाख तेरा हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २०२१ साली देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण होते आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. याच पाहणीतून २०२५ साली आहाराविषयी जे निष्कर्ष आले, त्यांत भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के केवळ पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिने फार थोडी पडतात असे आढळले. तांदळाऐवजी गहू किंवा भरड धान्य घेतल्याने धोका आपोआप टळत नाही. एकूण पिष्ट कमी करून त्या जागी कडधान्ये, दूध-दही यांतली प्रथिने वाढवली तर तो कमी होतो, हाही त्या अभ्यासाचा सांगावा आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हापासून वरीचे महत्त्व पुष्कळ गाइले जाते. परंतु सडून पांढरी शुभ्र केलेली वरी ताटभर खाणे हे भात खाण्याहून फारसे निराळे नव्हे.

मग उपवासाला खावे तरी काय? सुदैवाने आपल्याच परंपरेत उत्तम वस्तू आहेत. राजगिऱ्याच्या शंभर ग्रॅम दाण्यांत चौदा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, शिवाय लोह व कॅल्शियमही भरपूर. राजगिऱ्याची भाकरी आणि लाल भोपळ्याचे भरीत, थोडी वरी आणि तिच्या दुप्पट ताक, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, शिंगाड्याची लापशी, सुरणाची भाजी, एखादे फळ, कपभर दूध: यांत व्रताला बाध येईल असे काही नाही. राजगिऱ्याच्या लाडवातला गूळ मात्र साखरेचाच सख्खा भाऊ आहे, हे मधुमेही माणसाने ध्यानी ठेवावे. पावसाळ्यात भगरीला दमट हवेमुळे बुरशी धरते आणि ती खाऊन विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वेळोवेळी घडल्या आहेत. म्हणून दळलेले सुटे पीठ बाजारातून न आणता, दाणे निवडून, धुऊन, वाळवून गरजेपुरतेच घरी दळणे शहाणपणाचे.

सैंधवाविषयीही एक गैरसमज आहे. ते खाणीतून निघते म्हणून रक्तदाब असलेल्यांना निर्धोक, असे अनेकांना वाटते. सैंधव हेही बव्हंशी सोडियम क्लोराइडच असते. साध्या मिठाइतकेच ते जपून खावे.

गोळी घेतलीत का?

आतापर्यंतचा विचार खाण्याच्या प्रमाणाचा होता. परंतु ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला ती निराळी आहे. एकादशीच्या सकाळी अनेक घरांत असा संवाद ऐकू येतो.

“आई, साखरेची गोळी घेतलीत का?”

“घेतली गं. एकादशी आहे म्हणून औषध का चुकवीन मी?”

सुनेने आठवणीने विचारले, सासूबाईंनी आठवणीने घेतली. दोघींचे वागणे मायेचे आणि शिस्तीचे. आणि धोका आहे तो नेमका येथेच. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड, आणि इन्सुलिनची सुई, ही औषधे ‘माणूस रोजच्याप्रमाणे जेवणार’ असे गृहीत धरून दिलेली असतात. गोळीला पंचांग कळत नाही. पोटात एका केळ्याखेरीज काही नसताना ती आपले काम चोख करते आणि रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली ओढते. अंगाला दरदरून घाम येणे, हात कापणे, छातीत धडधडणे, एकाएकी चिडचिड करणे, बोलणे असंबद्ध होणे ही त्याची लक्षणे होत. वृद्ध माणसात कित्येकदा ही लक्षणे ‘उपवासाने थकवा आला’ म्हणून दुर्लक्षिली जातात, आणि मग माणूस बेशुद्ध पडल्यावर धावपळ होते.

हा धोका किती मोठा, याचा सर्वांत विस्तृत अभ्यास रमजानच्या रोज्यांच्या संदर्भात झाला आहे. २००१ साली तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी करण्यात आली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांत साखर अतिशय उतरून दवाखाना गाठावा लागण्याचे प्रमाण रोज्यांच्या महिन्यात साडेसात पटींनी वाढलेले आढळले. लहानपणापासून इन्सुलिनवर असणाऱ्यांत ते पावणेपाच पटींच्या जवळ होते. व्रत कोणत्या धर्माचे आहे, याने शरीराच्या व्यवहारात फरक पडत नाही. दिवसभर पाणीही न घेता केलेली आपली निर्जळी एकादशी किंवा हरितालिका ही याच जातीची परीक्षा आहे. या अभ्यासानंतर तेथील वैद्यांनी आणि धर्मगुरूंनी एकत्र बसून, कोणी उपवास करावा, कोणी करू नये आणि औषध कसे बदलावे याचे नियम घालून दिले. त्यांची सुधारित आवृत्ती २०२१ साली निघाली. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर त्याच क्षणी उपवास सोडावा, हा त्यांतला नियम आपणही जसाच्या तसा घ्यावा असा आहे.

घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांना एकादशी करावयाची असेल, तर आठ दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी आणि ‘या दिवशी काय घ्यावे, किती घ्यावे, काय गाळावे’ हे लिहूनच घ्यावे. आपल्या मनाने गोळी बंद करणे जितके वाईट, तितकेच उपाशीपोटी ती पूर्ण घेणेही वाईट. अलीकडे पुष्कळांना दिल्या जाणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांत लघवीवाटे साखर व पाणी बाहेर जाते. त्यांवर निर्जळी उपवास केल्यास रक्तात आम्लता वाढून प्रकृती गंभीर होऊ शकते. उपवासाच्या दिवशी घरच्या यंत्रावर साखर दोन-तीन वेळा तपासावी. बोटाला सुई टोचल्याने व्रत मोडते असे कोणत्याही ग्रंथात नाही! साखर उतरल्याची शंका आली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना शहाळे, केळी, बटाटा, रताळे ही पोटॅशियमने भरलेली उपवासाची मंडळी त्रासदायक ठरू शकतात. त्यांनीही आधी विचारलेले बरे.

धर्मशास्त्र काय सांगते

‘पण मग नियम मोडला त्याचे काय?’ हा प्रश्न आपल्या घरांतील वृद्धांना खरोखर छळतो, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आयुष्यभर पाळलेली एकादशी सत्तराव्या वर्षी सोडावयाची म्हणजे जिवलग माणसाला दुरावण्यासारखे आहे. अशा वेळी नातवाने विज्ञान सांगून भागत नाही. धर्माच्याच भाषेत उत्तर द्यावे लागते. आणि ते उत्तर पंढरपुरातच लिहून ठेवलेले आहे.

काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये हे पंढरपूरचे थोर पंडित. इ. स. १७९० च्या सुमारास त्यांनी ‘धर्मसिंधु’ रचला, आणि आजही महाराष्ट्रात व्रतांचा निर्णय करताना त्याचाच आधार घेतला जातो. त्यांत एकादशीचा अधिकार आठ वर्षांनंतर ऐंशी वर्षांपर्यंत सांगितला आहे. ज्याला पूर्ण उपवास झेपत नाही त्याने एकभुक्त राहावे, म्हणजे दिवसा एकदाच जेवावे, किंवा नक्त करावे, म्हणजे केवळ रात्री एकदा खावे, किंवा दुधा-फळांवर राहावे, अशा पायऱ्या आहेत. स्वतःला शक्य नसेल तर मुलाने, पत्नीने किंवा भावाने प्रतिनिधी म्हणून उपवास करावा, हीही सोय आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही, हे वचन तर त्याहून कितीतरी जुने, महाभारतातले. औषधाचे नाव त्यांत स्पष्टपणे घेतलेले आहे. साखर उतरलेल्या माणसाला दिलेले साखरपाणी हे औषध नव्हे तर काय? नातवाने आजीच्या नावाने एकादशी धरावी आणि आजीने वेळेवर दोन घास खाऊन तुळशीपुढे हरिपाठ म्हणावा, हे धर्मसिंधुकारांना मान्य होण्यासारखेच आहे.

घरातील स्त्रियांविषयी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. उपवास सर्वांत अधिक त्याच करतात, उपवासाचा आणि बिनउपवासाचा असा दुहेरी स्वयंपाक त्याच रांधतात, आणि सर्वांच्या शेवटी त्याच बसतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. अशा शरीराने चहाच्या पाच कपांवर दिवस काढणे ही तपश्चर्या नसून हेळसांड होय. कारण चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, आणि पित्त वाढवतो ते वेगळेच. राजगिरा, दाणे आणि त्यांवर पिळलेले लिंबू यांनी लोहाची थोडीफार भर पडते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी निर्जळी व्रत करू नये.

राहता राहिले द्वादशीचे पारणे. दिवसभर पोट रिते ठेवलेल्या माणसाने सकाळी पारण्याला श्रीखंड-पुरीवर ताव मारला, तर आदल्या दिवशीचा सारा संयम एका बैठकीत वाया जातो आणि मधुमेही माणसाची साखर दुपारपर्यंत आकाशाला भिडते. आधी पाणी, मग थोडे ताक, मग वरण, भाजी, कोशिंबीर आणि मूठभर भात किंवा एखादी भाकरी, असे पारणे पोटाला सोसते. गोड नैवेद्याचा प्रसाद म्हणून एक घास पुरे. ज्यांच्या गोळ्या उपवासासाठी कमी केल्या असतील त्यांनी त्या नेहमीच्या मात्रेत या पारण्याच्या जेवणापासून घ्याव्यात की रात्रीपासून, हेही डॉक्टरांकडून त्या आधीच्या भेटीतच लिहून आणावे. कारण द्वादशीच्या पहाटे पारण्याची वेळ पंचांगाप्रमाणे ठरते, आणि त्या वेळी दवाखाना उघडलेला नसतो.